‘किती जण होत नाहीत?’ : अमेरिकेतली चिनी चर्चेस आणि माझा हुकलेला प्रश्न

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की साहित्याचा आढावा म्हणजे नेमकं काय करायचं? पुस्तकांची यादी द्यायची, प्रत्येकाचा सारांश लिहायचा आणि शेवटी ‘या विषयावर अजून संशोधनाची गरज आहे’ असं म्हणून मोकळं व्हायचं, एवढंच का?

मीही नेमकं तेच केलं होतं आणि सहामाही प्रेझेंटेशनमध्ये पकडले गेले. ती गोष्ट सांगते, म्हणजे तुमचे सहा महिने वाचतील.

माझा विषय स्थलांतर आणि धर्मसंस्था. त्यातलं एक प्रकरण अमेरिकेतल्या चिनी स्थलांतरितांच्या चर्चेसवर आहे. मी वीस-बावीस स्लाइड केल्या होत्या. ‘चिनी लोक अमेरिकेत गेल्यावर ख्रिस्ती का होतात’ याची कारणं ओळीने मांडली : एकटेपणा, भाषेची अडचण, मुलांच्या संस्काराची काळजी, चर्चकडून मिळणारी मदत. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘छान. पण किती जण होत नाहीत?’’

मी गप्प. माझ्याकडे त्यावर एकही स्लाइड नव्हती.

आधी छेद बघा

शाळेत आपण अंश आणि छेद शिकतो आणि संशोधनात आलो की छेद विसरतो. मी फक्त अंश बघत होते, म्हणजे चर्चमध्ये बसलेली माणसं.

प्यू रिसर्च सेंटरच्या 2012 च्या अहवालात अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या प्रौढांपैकी 31 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं. चीनमध्ये हे प्रमाण याच संस्थेच्या त्या सुमाराच्या अंदाजानुसार साधारण 5 टक्के होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की डोळे विस्फारतात. पण त्याच 2012 च्या अहवालात आणखी एक आकडा आहे : 52 टक्के चिनी अमेरिकन लोकांनी ‘कोणताच धर्म नाही’ असं उत्तर दिलं होतं. एकटेपणा त्यांनाही होता, इंग्रजीची अडचण त्यांनाही होती, मुलंही होती. तरीही ते चर्चमध्ये गेले नाहीत, किंवा गेले आणि परत आले. मग माझी ‘कारणं’ नेमकी कशाची कारणं होती?

शिवाय त्या 31 टक्क्यांत तीन वेगळ्या तऱ्हेची माणसं मिसळलेली आहेत. काही जण हाँगकाँगमधून, तैवानमधून किंवा चीनमधूनच ख्रिस्ती म्हणून आले. काही अमेरिकेत येऊन झाले. आणि काही ख्रिस्ती घरात तिथेच जन्मले. पहिल्यांचा प्रश्न स्थलांतराचा, दुसऱ्यांचा धर्मांतराचा, तिसऱ्यांचा पुढच्या पिढीचा. मी तिघांना एकाच ‘का’मध्ये कोंबलं होतं.

एक ‘चिनी चर्च’ नाही, चार आहेत

आता थोडा इतिहास. कंटाळा करू नका, कारण पुढचे सगळे वाद इथून निघतात.

पहिलं पर्व चायनाटाउनचं. 1853 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम स्पीअर यांनी चिनी प्रेस्बिटेरियन चर्च सुरू केलं. स्पीअर आधी दक्षिण चीनमध्ये मिशनरी होते, कँटनी भाषा जाणत होते. सोन्याच्या शोधात आणि मजुरीला आलेले पुरुष मिशनच्या वर्गांना यायचे ते मुख्यतः इंग्रजी शिकायला. वर्ग भरायचे, पण बाप्तिस्मा घेणारे थोडे. मग 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना दारच बंद झालं. ते 1943 मध्ये किलकिलं झालं, तेही वर्षाला फक्त 105 जणांसाठी. तोवर चिनी वस्ती लहान, चर्चेसही थोडी, आणि बरीचशी गोऱ्या मिशन मंडळांच्या आधाराने चालणारी.

दुसरं पर्व 1965 च्या कायद्यानंतरचं. देशवार कोटा गेला, शिक्षण आणि कुटुंब यांना प्राधान्य आलं. तैवान आणि हाँगकाँगमधून विद्यार्थी आले, पुढे इंजिनिअर आणि डॉक्टर म्हणून स्थिरावले. विद्यापीठांच्या आवारात शुक्रवारी संध्याकाळी त्यांचे पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचे गट जमायचे. माणसं वाढली, लग्नं झाली, मुलं झाली, की त्याच गटाचं चर्च व्हायचं. म्हणून यातली कितीतरी चर्चेस कोणत्याच मोठ्या पंथाशी जोडलेली नाहीत. त्यांना वरून कुणी पाठवलं नव्हतं, ती खालून उगवली.

तिसरं पर्व 1989 नंतरचं. तिआनआनमेन चौकात रक्त सांडलं तेव्हा मुख्य भूमी चीनचे हजारो विद्यार्थी अमेरिकेत शिकत होते. 1992 च्या एका कायद्याने त्यांना कायम राहण्याची मुभा मिळाली आणि पन्नास हजारांहून जास्त जणांनी तिचा लाभ घेतला. हे नास्तिक शिक्षणात वाढलेले लोक होते. मार्क्सवादावरचा विश्वास उडालेला, हातात पीएचडी आणि मनात मोठी पोकळी.

चौथं पर्व जवळपास त्याच काळातलं, पण वेगळ्या जगातलं : फूजिअन प्रांतातल्या फूचौ भागातून दलालांना हजारो डॉलर कबूल करून, कागदपत्रांशिवाय आलेले कामगार. जून 1993 मध्ये ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचं जहाज 286 जणांना घेऊन न्यूयॉर्कजवळ वाळूत रुतलं. किनारा गाठताना 10 जणांचा जीव गेला. जे वाचले किंवा इतर वाटांनी पोचले, त्यांच्यापैकी अनेकांच्या गावात आधीपासूनच ख्रिस्ती मंडळ्या होत्या.

हे चार गट एकमेकांची भाषाही बोलत नाहीत. कँटनी, तैवानी, मँडरिन, फूचौ बोली. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘मराठी समाज’, ‘आदिवासी समाज’, ‘मुस्लिम समाज’ असं एकवचनी काही असेल, तर इथे क्षणभर थांबा.

वाढ का झाली? तीन उत्तरं, तीन पद्धती

1950 च्या दशकात अमेरिकेत चिनी प्रोटेस्टंट चर्चेस शंभरच्या आत होती. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती सहाशेच्या पुढे गेली. का? इथून साहित्याचा आढावा खऱ्या अर्थाने सुरू होतो. तीन पुस्तकं घेते आणि ती *काय* म्हणतात यापेक्षा *कशावरून* म्हणतात ते बघते.

पहिलं उत्तर फेंगगांग यांग यांचं. त्यांचं ‘चायनीज ख्रिश्चन्स इन अमेरिका’ हे पुस्तक 1999 चं. वॉशिंग्टन परिसरातल्या चर्चमध्ये त्यांनी फिल्डवर्क केलं. आधीचा समज असा होता, की स्थलांतरित अमेरिकन होण्यासाठी ख्रिस्ती होतात. यांग म्हणतात, तसं असतं तर ते गोऱ्यांच्या चर्चमध्ये गेले असते. ते जातात चिनी चर्चमध्ये, जिथे जेवण चिनी, भाषा चिनी, आणि मुलांना चिनी शिकवायचे वर्गही असतात. म्हणजे जुनी ओळख टाकून नवी घेतली असं होत नाही, एक ओळख दुसरीला चिकटत जाते. चिनीपण, अमेरिकनपण आणि ख्रिस्तीपण, तिन्ही एकाच अंगावर. कन्फ्युशियसच्या शिकवणीतला आईवडिलांविषयीचा आदर हा नीतीचा भाग म्हणून ते ठेवतात, बौद्ध आणि ताओ विधी धर्माचा भाग म्हणून सोडतात. आणि यांगांचा मुख्य मुद्दा असा, की धर्मांतराची सुरुवात अमेरिकेत होत नाही. विसाव्या शतकात चीनमध्ये एकामागून एक जी उलथापालथ झाली, तिने जुन्या श्रद्धांचे खांब आधीच पाडले होते.

दुसरं उत्तर कॅरोलिन चेन यांचं, ‘गेटिंग सेव्ह्ड इन अमेरिका’, 2008. माझ्या मॅडमना हवं असलेलं उत्तर इथे आहे, कारण चेन यांनी तुलना केली. दक्षिण कॅलिफोर्नियातलं एक तैवानी चर्च आणि एक तैवानी बौद्ध मंदिर, दोन्ही शेजारी ठेवून अभ्यासली. निष्कर्ष मजेशीर आहे : तैवानमध्ये नावापुरते बौद्ध असलेले लोकही अमेरिकेत येऊन जाणीवपूर्वक, अभ्यासून, दीक्षा घेऊन बौद्ध होतात. म्हणजे स्थलांतर माणसाला फक्त ख्रिस्ती करतं असं नाही, ते त्याला धर्माची *निवड* करायला लावतं. गावी जे हवेसारखं होतं, ते परदेशात ठरवून धरावं लागतं. मग चर्चचं पारडं जड का? कारण चर्च माणसाच्या दारात जातं. विमानतळावर घ्यायला येतं, जुना पलंग आणि टेबल मिळवून देतं, शुक्रवारी जेवायला बोलवतं. मंदिर तुम्ही याल म्हणून वाट बघतं.

आपल्यातला कुणी मास्टर्सला परदेशी गेला असेल तर त्याला विचारा, पहिल्या आठवड्यात गादी कुणी दिली. ते नाव माणूस विसरत नाही.

तिसरं उत्तर केनेथ गेस्ट यांचं, ‘गॉड इन चायनाटाउन’, 2003. न्यूयॉर्कमधले फूचौचे कामगार. इथे मानसिक पोकळी वगैरे भाषा अपुरी पडते. डोक्यावर कर्ज आहे, खोलीत पाळीपाळीने झोपायचं आहे, आणि रोजगार एजन्सी उद्या तिसऱ्याच राज्यातल्या चिनी हॉटेलात भांडी घासायला पाठवणार आहे. अशा माणसाला चर्च म्हणजे पत्ता, बातमी, ओळखीचा आवाज, आणि ‘तू फक्त बेकायदा मजूर नाहीस’ असं सांगणारी एकमेव जागा. पण गेस्ट इथेच थांबत नाहीत. याच गाववाल्यांच्या जाळ्यात मालकही आहेत आणि मजूरही. जे जाळं आधार देतं, तेच कमी पगारावर राबवूनही घेऊ शकतं. ‘समुदाय’ हा शब्द आपण फार गोड अर्थाने वापरतो, त्याला हा चिमटा.

आता बघा : तिघांची उत्तरं वेगळी का? कारण तिघांनी वेगवेगळ्या चिनी माणसांना विचारलं. यांगांकडे शिकलेला मध्यमवर्ग, चेन यांच्याकडे तैवानी, गेस्ट यांच्याकडे कर्जबाजारी कामगार. ही उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत, प्रत्येक जण आपापल्या सॅम्पलपुरतं खरं बोलतो आहे. आढाव्यात लिहायचं असतं ते हे. ‘यांग असं म्हणतात, चेन तसं म्हणतात’ एवढंच नव्हे.

अडचणी : रविवारच्या वेळापत्रकात दिसतात

चिनी चर्चची दुखणी कळायला धर्मशास्त्र वाचायची गरज नाही, नोटीस बोर्डावरचं रविवारचं वेळापत्रक वाचा. अनेक ठिकाणी एकाच इमारतीत तीन उपासना असतात : कँटनी, मँडरिन आणि इंग्रजी. चर्च स्थापन केलेले हाँगकाँग-तैवानचे लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पैसा आणि विश्वस्तपद त्यांच्याकडे, गर्दी मात्र मुख्य भूमीवरून आलेल्या मँडरिन गटाकडे. गीतांचे शब्द पडद्यावर पारंपरिक लिपीत दाखवायचे की सोप्या केलेल्या लिपीत, हा वादही वरवर दिसतो तेवढा लहान नसतो. कोणती लिपी, म्हणजे कोणता देश.

हा ताण कुठवर जाऊ शकतो ते 15 मे 2022 ला दिसलं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लागुना वुड्समध्ये एक तैवानी मंडळी उपासनेनंतर जेवायला बसली होती. तिथे एका माणसाने गोळीबार केला. एक जण मरण पावला, पाच जखमी झाले. चीन-तैवान वादातून आलेला तैवानद्वेष हे कारण असल्याचं तपास यंत्रणांनी सांगितलं. चर्चच्या दारात मायदेशाचं राजकारण चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही.

दुसरं दुखणं मुलांचं. इंग्रजीत वाढलेली पिढी कॉलेजला गेली की परत येत नाही. आशियाई चर्चेसमधल्या या गळतीला 1990 च्या दशकापासून ‘मूक निर्गमन’ म्हणतात. मुलं भांडून जात नाहीत, नुसती दिसेनाशी होतात. पण गळती म्हणजे धर्म सोडणंच असं नाही. रसेल ज्युंग यांनी 2005 च्या ‘फेथफुल जनरेशन्स’मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातली अशी चर्चेस अभ्यासली, जिथे चिनी, जपानी, कोरियन वंशाची मुलं ‘आशियाई अमेरिकन’ म्हणून एकत्र येतात. आईवडिलांच्या चर्चच्या नोंदवहीत हा मुलगा ‘गेला’, नव्या चर्चच्या नोंदवहीत तोच ‘आला’. तुम्ही कोणती वही उघडता, त्यावर ऱ्हास दिसणार की वाढ, हे ठरतं. (हेच ज्युंग 2020 मध्ये, कोविडच्या काळात आशियाई लोकांवर हल्ले वाढले तेव्हा, त्या घटनांची नोंद ठेवणाऱ्या ‘स्टॉप एएपीआय हेट’ उपक्रमाच्या संस्थापकांपैकी एक होते. संशोधक फक्त पुस्तकच लिहितो असं नाही.)

तिसरं, नवे येणारे घटले. 2019-20 मध्ये अमेरिकेत 3,72,532 चिनी विद्यार्थी होते, 2023-24 मध्ये 2,77,398. त्याच वर्षी भारतीय विद्यार्थी 3,31,602 झाले आणि पहिला क्रमांक आपल्याकडे आला. ज्या शुक्रवारच्या गटातून चर्च उगवत होतं, त्याची नर्सरीच आटते आहे. प्यूच्या 2023 च्या पाहणीत एकूण आशियाई अमेरिकन प्रौढांत ख्रिस्ती लोकांचं प्रमाण 42 वरून 34 टक्क्यांवर आलेलं दिसलं. ‘वाढ’ या शब्दाने सुरू झालेलं माझं प्रकरण आता ‘वाढ आणि मग’ असं करावं लागलं आहे.

आणि चौथं दुखणं घरातलं. दर वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग असतो. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई, उदबत्त्या, नैवेद्य. आपल्या पितृपंधरवड्यासारखा जिव्हाळ्याचा मामला. रोमन कॅथलिक चर्चने अठराव्या शतकात या विधींवर बंदी घातली आणि 1939 मध्ये ती सैल केली, पण बरीच प्रोटेस्टंट चिनी चर्चेस आजही उदबत्ती लावू देत नाहीत. बाप्तिस्मा घेतलेल्या मुलाने आजोबांच्या थडग्यापुढे वाकायचं की नाही? 1920 च्या दशकात चीनमध्ये घोषणाच होती : एक ख्रिस्ती वाढला, एक चिनी घटला. त्या घोषणेला उत्तर म्हणून अनेक जण फुलं वाहतात, डोकं झुकवून उभे राहतात, उदबत्ती मात्र लावत नाहीत. यांगांची ‘चिकटलेली ओळख’ अशा वेळी किती ओढ सहन करते, ते थडग्यापाशी कळतं.

आपला चष्मा

इथे एक कबुली. मी हा विषय वाचायला घेतला तेव्हा ‘धर्मांतर’ म्हटलं की डोक्यात आधीच दोन खोके तयार होते : आमिष किंवा अन्यायाविरुद्ध बंड. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ते असणारच. पण अमेरिकेतला चिनी इंजिनिअर या दोन्हींत बसत नाही. त्याला कुणी काही देऊ करत नाही आणि तो कशाविरुद्ध बंडही करत नाही. मग मला खोके बदलावे लागले.

आणि गंमत म्हणजे बदललेले खोके घेऊन परत घरच्याच पुस्तकाकडे आले. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपण सगळ्यांनी शाळेत थोडंतरी वाचलंय. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाचेक वर्षांनी. त्या मधल्या वर्षांत काय घडलं? कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुठे राहायचं, मुलाचं काय. ते पुस्तक मी आता संशोधनाच्या नजरेने वाचलं तेव्हा कळलं, की धर्मांतर एका दिवशी होत नाही आणि एका माणसाचं होत नाही. अभ्यासाचं एकक व्यक्ती की कुटुंब, या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उदाहरण मला कुठल्या पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

आणखी एक धागा. चीनमध्ये ख्रिस्ती धर्माला चिनी शब्द शोधणारा मातेओ रिची 1578 मध्ये गोव्यात उतरला आणि 1582 मध्ये तिथून चीनकडे निघाला. त्याच काळात, 1579 मध्ये, गोव्यात आलेला दुसरा येशूसंघी म्हणजे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा थॉमस स्टीफन्स. परक्या धर्माला आपल्या भाषेत कोणत्या शब्दाने हाक मारायची, हा प्रश्न दोघांपुढे होता. चीनमध्ये तो अजून मिटलेला नाही. 1919 चं प्रसिद्ध चिनी बायबल देवासाठी ‘शेन’ आणि ‘शांगती’ अशा दोन वेगवेगळ्या शब्दांच्या आवृत्त्यांत छापलं गेलं.

मग मी काय बदललं?

पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी थोडक्यात.

एक, ‘का होतात’ऐवजी आता माझा प्रश्न असा आहे : सारख्याच परिस्थितीत आलेल्यांपैकी काही जण चर्चमध्ये टिकतात, काही येऊन जातात, काही येतच नाहीत, हे कशामुळे? म्हणजे माझ्या मुलाखतींत चर्च सोडून गेलेली माणसंही हवीत. ती शोधणं अवघड आहे, म्हणूनच बहुतेक जण ती शोधत नाहीत.

दोन, मी कुठे उभी आहे ते आधी लिहून काढलं. यांग स्वतः चीनमधून शिकायला गेलेले आणि अमेरिकेत ख्रिस्ती झालेले. त्यांना आतलं दार उघडं होतं, पण आतल्या माणसाला काही गोष्टी इतक्या सवयीच्या होतात की दिसत नाहीत. मी बाहेरची. मला दिसेल, पण कुणी सांगेलच असं नाही. दोन्हींची किंमत असते. ती पहिल्याच प्रकरणात कबूल करून टाकावी.

तीन, नावं. कागदपत्रं नसलेल्या कामगाराची मुलाखत घेतलीत आणि त्याचं गाव, हॉटेल, चर्च असं सगळं खरं लिहिलंत, तर टोपणनावाचा उपयोग शून्य. तुमच्या प्रबंधापायी कुणाच्या दारात पोलीस जाता कामा नयेत. संमतिपत्रावर सही घेतली म्हणजे ही जबाबदारी संपत नाही.

पुढच्या महिन्यात परत समितीपुढे उभी राहणार आहे. या वेळी पहिली स्लाइड छेदाची आहे.

तुमच्या विषयात ‘जे होत नाहीत’, ‘जे येत नाहीत’, ‘जे सोडून गेले’ ते कोण? सिनॉप्सिस पाठवायच्या आधी तेवढं एकदा कागदावर लिहून बघा. आणि जमलं तर खाली कॉमेंटमध्येही लिहा, मलाही वाचायचं आहे.